जुना संगणक विकण्यापूर्वी : अमानत आणि पर्दापोशी

अमानत हा शब्द ऐकला की सामान्यतः आपल्या मनात पैसे, दागिने, जमिनीचे कागद किंवा शेजाऱ्याने ठेवावयास दिलेली पेटी येते. इस्लामी शरीअतमध्ये या शब्दाचा अर्थ याहून कितीतरी व्यापक आहे. दिव्य कुरआनच्या सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती ज्यांच्या आहेत त्यांच्या हवाली करण्याचा आदेश आहे. सूरह अल्-अन्फालच्या २७ व्या आयतीत जाणूनबुजून अमानतीत खियानत करण्यास मनाई केली आहे. सूरह अल्-मोमिनूनच्या आठव्या आयतीत यशस्वी श्रद्धावंतांच्या गुणांत अमानतीचे जतन सांगितले आहे. मुफस्सिरीनांनी या आयतींच्या स्पष्टीकरणात धनाबरोबर गुपित, सल्ला, पद आणि जबाबदारी यांनाही अमानत म्हटले आहे. हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून अबू दाऊद व तिर्मिजीत आलेल्या हदीसचा आशय असा की, एखादा माणूस बोलताना इकडेतिकडे पाहून बोलला, तर ते बोलणे ऐकणाऱ्याकडे अमानत आहे. "कोणाला सांगू नका" असे त्याने तोंडाने म्हटलेले नसते. आजूबाजूला वळून पाहणे हाच त्याचा इशारा, आणि शरीअतने तेवढा इशाराही पुरेसा मानला.

आज आपली गुपिते केवळ कानात राहत नाहीत, ती संगणकात आणि मोबाईलमध्ये राहतात. म्हणून ही यंत्रे विकताना, दान देताना किंवा भंगारात टाकताना त्यांतील माहितीचे काय करावे, हा दीनचाही प्रश्न आहे. या लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

प्रश्न आपल्या दारापर्यंत कसा आला?

आमच्या लोहारा तालुक्याचेच उदाहरण घ्या. सोयाबीनचा पीक विमा भरायचा असो, सातबारा व आठ-अ काढायचा असो, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला हवा असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, माणूस सेवा केंद्राच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानाची पायरी चढतो. २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांनी आपले आधार, बँकेचे पासबुक, शिधापत्रिका आणि छायाचित्र घेऊन जागोजागी रांगा लावल्या. ज्या माता-भगिनी एरवी आपले छायाचित्र परक्याच्या हाती देत नाहीत, त्यांनीही ते दिले, कारण त्याशिवाय अर्ज होत नव्हता. ते कागद स्कॅन झाले आणि ज्या संगणकावर स्कॅन झाले त्यात राहिले.

आता तो संगणक जुना झाला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. पुष्कळ जुन्या यंत्रांवर पुढची विंडोज ११ प्रणाली अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे दुकाने, शाळा, कार्यालये व घरे यांतील अनेक संगणक विक्रीला निघाले आहेत. एखादा उमरग्याला जातो, एखादा सोलापूरला किंवा लातूरला, एखादा भंगाराच्या गाड्यावर. त्याबरोबर किती घरांची कागदपत्रे गेली, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

कागदाची किंमत या भागाला सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने सास्तूरसह या परिसरातील गावे उद्ध्वस्त केली. दगड-मातीच्या घरांबरोबर माणसे गेली आणि ट्रंकेतील कागदही ढिगाऱ्याखाली गेले. तेव्हा भीती कागद हरवण्याची होती. आता तोच कागद नको त्या हाती पडण्याचीही भीती आहे.

"डिलीट" केले म्हणजे मिटले काय?

येथे बहुतेकांची फसगत होते. फाईल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामा केला, म्हणजे काम संपले असे वाटते. प्रत्यक्षात संगणक त्या वेळी केवळ आपल्या नोंदवहीतून त्या फाईलचा उल्लेख काढतो आणि ती जागा मोकळी झाली असे समजतो. मूळ मजकूर हार्ड डिस्कवर त्याच जागी राहतो, जोवर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जात नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणून शेत जागेवरून हलत नाही, तसेच हे आहे. 'क्विक फॉरमॅट'चीही हीच गत आहे. रेकुवासारखी मोफत मिळणारी साधने वापरून एखादा शाळकरी मुलगाही अशी छायाचित्रे परत काढू शकतो.

हे नुसते अनुमान नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील सिमसन गार्फिंकेल आणि अभी शेलट या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १२९ डिस्क चालू स्थितीत होत्या आणि नीट पुसलेल्या फक्त १२ निघाल्या. उरलेल्यांत लोकांची पत्रे, वैद्यकीय माहिती आणि पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. विकणाऱ्यांपैकी अनेकांनी डिस्क फॉरमॅट केल्या होत्या. आपण सर्व पुसले, असेच त्यांना वाटत असणार.

मोठ्या संस्थाही याला अपवाद नाहीत. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकेतील वित्तसंस्थेच्या विभागाने जुनी यंत्रे हलविण्याचे काम अशा कंपनीकडे सोपविले, जिला माहिती नष्ट करण्याचा अनुभव नव्हता. ग्राहकांची माहिती असलेली काही यंत्रे पुढे लिलावात विकली गेली. २०२२ साली तेथील रोखे नियामकाने या हलगर्जीबद्दल संस्थेकडून साडेतीन कोटी डॉलरचा दंड वसूल केला. जे काम मोठ्या संस्थेकडून नीट झाले नाही, ते आपल्या हातून आपोआप होईल असे मानणे चूक आहे.

शरीअतची दृष्टी : चार तत्त्वे

पहिले तत्त्व परवानगीचे. सूरह अन्-नूरच्या २७ व २८ व्या आयतींत दुसऱ्याच्या घरात अनुमतीशिवाय प्रवेश करण्यास मनाई आहे. त्याच सूरहच्या ५८ व्या आयतीत दिवसाच्या तीन वेळा अशा सांगितल्या आहेत, जेव्हा घरातील मुलांनी व सेवकांनीही विचारूनच खोलीत यावे. हजरत सह्ल बिन सअद (रजि.) सांगतात की, एक माणूस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हुजऱ्यात छिद्रातून डोकावत होता. प्रेषितांनी (स.) त्याला कडक शब्दांत खडसावले आणि परवानगीचा नियम दृष्टीसाठीच ठेवला आहे, असे समजाविले. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. यावरून कळते की, पाऊल आत न टाकताही घराची मर्यादा मोडता येते. न पुसलेला संगणक विकणे म्हणजे आपल्या घराच्या भिंतीला, आणि कित्येकदा दुसऱ्याच्या घराच्या भिंतीला, आपल्या हाताने छिद्र पाडून देणे होय.

दुसरे तत्त्व पर्दापोशीचे. जो मुस्लिमाचे दोष झाकतो, त्याचे दोष अल्लाह तआला या जगात व आखिरतमध्ये झाकतो, असा आशय सहीह मुस्लिममध्ये आहे. पति-पत्नीमधील खासगी गोष्टी उघड करणाऱ्याची अत्यंत कठोर निंदाही तेथेच हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या रिवायतीत आली आहे. तोंडाने उघड करणे निषिद्ध असेल, तर तीच गोष्ट छायाचित्रे आणि संदेश यांच्या रूपाने अनोळखी माणसाच्या हाती जाऊ देणे हलके कसे ठरेल?

तिसरे तत्त्व हानी न करण्याचे. स्वतःचे नुकसान होऊ देऊ नये व दुसऱ्याचे करू नये, हा हदीसवर आधारलेला फिकहचा मोठा नियम आहे. आधार, सही, पासबुक आणि छायाचित्र एकत्र मिळाले तर फसवणुकीचा मार्ग सोपा होतो. एखाद्या मुलीचे छायाचित्र हाती लागले, तर त्यात बदल करून तिला धमकावणे आज कठीण राहिलेले नाही. अशा वेळी बदनामीच्या भीतीने मुलगी गप्प बसते आणि कधी कधी घरचे लोक तिलाच दोष देतात. ही हानी रुपयांत मोजता येत नाही.

चौथे तत्त्व उपायाचे. उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण तिर्मिजीत आहे. "आपल्या संगणकात कोण कशाला पाहील, अल्लाह मालिक आहे" असे म्हणून हात झटकणे हा तवक्कुल नव्हे, ती बेपर्वाई आहे.

दुकानदाराची जबाबदारी अधिक का?

फुकहांनी अमानत सांभाळणाऱ्याविषयी स्पष्ट नियम सांगितला आहे. त्याने नीट काळजी घेतली आणि तरी वस्तू गेली, तर त्याच्यावर भरपाई नाही. परंतु त्याने मर्यादा ओलांडली किंवा हलगर्जी केली, तर तो जबाबदार ठरतो. सेवा केंद्र, झेरॉक्स दुकान, फोटो स्टुडिओ, दवाखाना, शाळा व मोबाईल दुरुस्तीचे दुकान यांच्याकडे येणारी माहिती एका ठराविक कामासाठी दिलेली असते. परवानगी त्या कामापुरती असते. काम झाल्यावर ती माहिती विनाकारण ठेवणे उचित नाही आणि ती न पुसता यंत्र विकणे ही उघड हलगर्जी आहे. काही पैशांसाठी ती माहिती मुद्दाम दुसऱ्याला देणे तर खियानतच होय.

ही अमानत सर्वांची आहे, केवळ मुस्लिमांची नाही. हिजरतच्या वेळी मक्केतील विरोधकांनी प्रेषितांच्या (स.) जिवावर उठण्याचा कट केला होता. तरीही त्याच मक्कावासीयांच्या ठेवी परत करण्यासाठी प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, हे सीरतच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. ज्यांची तलवार गळ्यापर्यंत आली होती, त्यांचीही अमानत बुडाली नाही. मग आपल्या दुकानी विश्वासाने आलेल्या शेजारच्या मराठा, धनगर, मातंग, लिंगायत बांधवांच्या कागदांविषयी आपण बेफिकीर कसे राहावे?

देशाचा कायदाही याच दिशेने जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. ज्या कामासाठी माहिती घेतली ते पूर्ण झाल्यावर ती मिटवावी, हे तत्त्व त्यात आहे.

मिटविण्याची योग्य रीत

१. प्रथम आवश्यक ते जपा. लागणारी कागदपत्रे, छायाचित्रे व हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि ती तेथे उघडतात की नाही ते पाहा.

२. सर्व खात्यांतून बाहेर पडा. ईमेल, बँक, फेसबुक, ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड काढा. मोबाईलवरील व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून त्या संगणकाचे नाव काढून टाका. नंतर महत्त्वाचे पासवर्ड बदला.

३. विंडोज ११ असल्यास सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात रिकव्हरी आणि तेथे 'रिसेट धिस पीसी' हा पर्याय आहे. विंडोज १० मध्ये हीच रिकव्हरी 'अपडेट अँड सिक्युरिटी'खाली सापडते. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा. येथेच न थांबता 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन माहिती पूर्ण पुसण्याचा, म्हणजे 'क्लीन डेटा'चा पर्याय चालू करा. एकाहून अधिक ड्राइव्ह असतील तर सर्व ड्राइव्ह पुसण्याचा पर्यायही निवडा. आपल्याकडे लग्नाची छायाचित्रे बहुधा 'डी' ड्राइव्हमध्येच असतात आणि तोच पुसायचा राहून जातो. या कामाला काही तास लागू शकतात. चार्जर जोडून ठेवा.

४. डिस्क कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर सर्व जागी एकदा नवे लिहिले की सर्वसाधारण वापरासाठी ते पुरेसे होते. एसएसडी प्रकारात मात्र यंत्र स्वतःच माहिती आत जागा बदलून ठेवते, त्यामुळे वरून लिहिल्याने कोपरे राहून जाऊ शकतात. त्यासाठी डिस्क बनविणाऱ्या कंपनीचे 'सिक्युअर इरेज' साधन वापरावे, किंवा आधी पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून मग रिसेट करावे.

५. तपासून पाहा. पुसल्यानंतर फाईल परत काढणारे एखादे साधन चालवून काही सापडते का ते बघा. स्वतःला जमत नसेल तर जाणत्या, भरवशाच्या माणसाकडून आपल्या समोर करून घ्या.

६. संगणक सुरूच होत नसेल तर डिस्क काढून घ्या आणि ती न देता उरलेले यंत्र विका. ती डिस्क नंतर फोडून निकामी करा. फिरत्या डिस्कच्या आतील चकत्या आणि एसएसडीच्या आतील चिप फुटल्या पाहिजेत. ती जाळू नका, त्या धुराने विषबाधा होऊ शकते. असा कचरा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा.

मोबाईल, मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह, सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांनाही हाच विचार लागू आहे. मोठ्या झेरॉक्स यंत्रांतही पुष्कळदा हार्ड डिस्क असते, हे दुकानदारांनी विसरू नये.

काय मिटवू नये?

मिटविण्याच्या उत्साहात दुसऱ्याचा हक्क मिटता कामा नये. सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आहे. म्हणून कोणाचे देणे-घेणे, मस्जिदीच्या वर्गणीचा हिशेब, वक्फच्या जमिनीचे कागद, वारसांच्या वाटणीची टिपणे ही जतन झाल्याशिवाय डिस्कला हात लावू नये. त्याचप्रमाणे एखाद्या वादात पुरावा ठरणारी माहिती लपविण्यासाठी पुसणे जायज नाही. साक्ष लपविण्याची मनाई पुढच्याच, २८३ व्या आयतीत आहे.

काही मसाईल

*संगणकात कुरआनची तिलावत व पीडीएफ आहे. ती पुसणे बेअदबी ठरेल काय?* नाही. बेअदबीचा हेतू नसताना ती पुसण्यास समकालीन उलमांनी परवानगी दिली आहे. हजरत उस्मान (रजि.) यांनी प्रमाणित प्रती तयार झाल्यावर इतर लिखित पाने जाळण्याची आज्ञा दिली होती, हे सहीह बुखारीत आहे. तेथेही हेतू कुरआनच्या रक्षणाचा होता. उलट, ते पुसायचे नाही म्हणून संपूर्ण डिस्कच तशी देणे, हा चुकीचा निष्कर्ष आहे.

*पती वारला. पत्नीला त्याचा लॅपटॉप विकायचा आहे.* लॅपटॉप तरक्यात येतो, म्हणून सर्व वारसांच्या संमतीने विकावा. देणी व वसीयत यांची माहिती आधी काढून घ्यावी. बाकी खासगी पत्रव्यवहार न चाळता पुसावा. मृताला वाईट बोलण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. त्याची गुपिते शोधणे हेही त्या अदबीच्या विरुद्ध आहे.

*जुना संगणक घेतला आणि त्यात आधीच्या मालकाच्या फाईली निघाल्या.* यंत्र तुमचे झाले, त्याचे गुपित तुमचे झाले नाही. सूरह अल्-हुजुरातच्या १२ व्या आयतीत टेहळणीस मनाई आहे. फाईली उघडू नका. शक्य असेल तर मालकाला कळवा, त्याला काही हवे असेल तर परत द्या आणि मग पुसून टाका. मित्रांना दाखविणे गुनाह आहे. कोणी अशा माहितीचा गैरवापर करून पैसे उकळत असेल तर १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि पीडित मुलीला एकटे पाडू नये.

*डिस्क काढून संगणक विकला तर ग्राहकाला सांगावे काय?* अवश्य सांगावे. विकणारा व घेणारा खरे बोलले आणि वस्तूची स्थिती स्पष्ट केली तर त्या सौद्यात बरकत होते, हा हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या रिवायतीचा आशय आहे. डिस्क नाही, बॅटरी टिकत नाही, विंडोज घातलेली नाही, जे असेल ते सांगून किंमत ठरवावी.

*एवढ्या खटाटोपापेक्षा सगळा संगणकच फोडून टाकला तर?* चालू वस्तू विनाकारण नष्ट करणे हा अपव्यय आहे आणि सूरह बनी इस्राईलच्या २६ व २७ व्या आयतींत उधळपट्टीची निंदा आहे. नीट पुसलेला संगणक एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला किंवा मदरशाला द्यावा. त्यावर तो शिकत राहील तोवर अजराची आशा आहे.

अखेरचा हिशेब

सहीह मुस्लिममध्ये खऱ्या दिवाळखोराचे वर्णन आले आहे. तो कियामतच्या दिवशी नमाज, रोजा, जकात घेऊन येईल, परंतु कोणाची अब्रू घेतलेली, कोणाचे धन खाल्लेले असेल. त्याची पुण्याई त्या हक्कदारांत वाटली जाईल आणि ती संपली की त्यांचे गुनाह याच्यावर टाकले जातील. ज्याच्या संगणकातून शंभर घरांची माहिती बाहेर गेली, त्याला तेथे शंभर हक्कदार भेटू शकतात. त्यांतील कित्येकांची नावेही त्याला आठवणार नाहीत, मग या जगात त्यांची क्षमा तो कोणाकडे जाऊन मागेल? काही तासांचे काम टाळून एवढे ओझे घेणे शहाणपणाचे नाही.

म्हणून यंत्र विकण्याआधी घरातील जाणत्याने एकदा विचारावे : यात कोणाकोणाची अमानत आहे? जी परत करायची ती परत करावी, जी जपायची ती जपावी, आणि जी मिटवायची ती खरोखर मिटवावी.

अल्लाह तआला आपणा सर्वांना अमानतदार बनवो, आमच्या माता-भगिनींच्या अब्रूचे रक्षण करो आणि आमच्या दोषांवर या जगात व आखिरतमध्ये पर्दा ठेवो. आमीन.